परदेशातील नोकरीचा अर्ज आणि त्यासोबतचे पत्र

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट हे वणा नदीच्या काठी वसलेले कापसाचे गाव. या गावाला परदेशाचा संबंध नवा नाही. भारताची त्रिकोणमितीय मोजणी हाती घेणारा विल्यम लॅम्बटन हा इंग्रज अधिकारी कामाच्या प्रवासात असताना २० जानेवारी १८२३ रोजी येथेच मरण पावला. त्याची कबर या गावात आहे. पुढे १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि इंग्लंडच्या व्यापाऱ्यांची नजर मध्य भारताकडे वळली. ‘हिंगणघाट’ हे त्या काळी केवळ गावाचे नव्हे, तर कापसाच्या एका उत्तम प्रतीचे नाव बनले होते. १८८१ मध्ये येथे कापडधंद्याची पहिली गिरणी सुरू झाली.

त्या काळी येथून रुईच्या गाठी परदेशी जात. आज गाठींबरोबर मुलेमुलीही जाऊ लागली आहेत. वस्त्र अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, औषधनिर्माण, कृषी अशा विषयांच्या उच्च शिक्षणासाठी इंग्लंड, जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथील विद्यापीठांत प्रवेश घेणारे विद्यार्थी आता तालुक्याच्या गावांतूनही पुढे येत आहेत. कोणी बँकेचे कर्ज काढून जातो, कोणी शेत वा घर तारण ठेवून. राज्य शासनाच्या सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिक्षण शिष्यवृत्तीसारख्या योजनांमुळे ज्यांना हे दार पूर्वी बंद होते, अशा घरांतील मुलांनाही ते उघडले आहे.

प्रवेश मिळविण्यासाठी काय करावे, याचे मार्गदर्शन आज बऱ्यापैकी उपलब्ध आहे. परंतु पदवी हाती आल्यानंतर तेथे नोकरी कशी मिळवावी, या प्रश्नाचा विचार बहुधा शेवटच्या सत्रातच सुरू होतो. आणि तेथे पहिली अडचण उभी राहते ती एका साध्या कागदाची: अर्जासोबत जोडावयाच्या पत्राची. या पत्राचे स्वरूप, त्यामागील विचार आणि ते लिहिण्याची रीत यांची ओळख करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुदतीचा प्रश्न

परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती आणि तेथील स्थानिक विद्यार्थ्याची स्थिती यांत एक मूलभूत फरक आहे. स्थानिक विद्यार्थ्याला नोकरी उशिरा मिळाली तर त्याचे नुकसान होते. परदेशी विद्यार्थ्याला ती उशिरा मिळाली तर त्याला देश सोडावा लागतो. २०२५ साली लागू असलेल्या नियमांप्रमाणे अमेरिकेत पदवीनंतर आपल्या विषयाशी संबंधित व्यावहारिक प्रशिक्षणासाठी १२ महिने काम करता येत असे, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांतील पात्र पदवीधरांना त्यात २४ महिन्यांची वाढ मिळू शके. इंग्लंडमध्ये १ जुलै २०२१ पासून सुरू झालेल्या पदवीधर परवान्याची मुदत पदव्युत्तर पदवीसाठी दोन वर्षांची ठेवण्यात आली. १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांसाठी ती १८ महिन्यांवर आणण्याचा निर्णय तेथील सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. जर्मनीत पदवीनंतर योग्य नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंत राहण्याची परवानगी मिळू शकते. हे नियम वारंवार बदलतात. म्हणून ऐकीव माहितीवर न विसंबता प्रत्येकाने अर्ज करण्याच्या दिवशी त्या त्या देशाच्या अधिकृत कार्यालयाकडून अथवा आपल्या विद्यापीठातील परदेशी विद्यार्थी विभागाकडून खात्री करून घेणे अगत्याचे आहे.

तात्पर्य, वेळ मोजका असतो आणि कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. इकडे हिंगणघाटात वडील दर रविवारी फोनवर एकच प्रश्न विचारतात, आणि तिकडे मुलगी पन्नासावा अर्ज पाठवीत असते. तो पन्नासावा अर्ज पहिल्या अर्जाची नक्कल असेल, तर त्याचे उत्तरही पहिल्याप्रमाणेच येण्याचा संभव अधिक. शंभर सारखी पत्रे पाठविण्यापेक्षा दहा विचारपूर्वक लिहिलेली पत्रे पाठविणे हिताचे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

विनंती अर्ज आणि अर्जपत्र

आपल्याकडे अर्ज लिहिण्याची एक जुनी परंपरा आहे. ‘महोदय, सविनय निवेदन की’ अशी सुरुवात, ‘खाली सही करणार’ अशी स्वतःची ओळख आणि ‘आपला आज्ञाधारक’ असा शेवट, हे वळण शाळेतील रजेच्या अर्जापासून तहसील कचेरीतील दाखल्याच्या अर्जापर्यंत सर्वत्र आढळते. या वळणात काही चूक नाही. जेथे पदाची पात्रता जाहिरातीने ठरते, निवड परीक्षेने वा गुणानुक्रमे होते आणि अर्ज विहित नमुन्यात भरावयाचा असतो, तेथे पत्र हा केवळ उपचार असतो. निर्णय पत्रावरून होत नाही.

परदेशातील खाजगी आस्थापनांत, आणि आता भारतातील अनेक कंपन्यांतही, पत्राचे काम निराळे आहे. तेथे जीवनवृत्त हे उमेदवाराने काय काय केले याची यादी असते. पत्र हे त्या यादीतील कोणत्या गोष्टी या विशिष्ट कामाला उपयोगी पडतील याचे स्पष्टीकरण असते. नोकरी देणाऱ्याच्या मनात तीन प्रश्न असतात. पहिला, या व्यक्तीला आमचे काम काय आहे ते समजले आहे काय? दुसरा, ते काम तिला करता येईल याला पुरावा कोणता? तिसरा, ती कायद्याने येथे काम करू शकते काय, आणि केव्हापासून? या तीन प्रश्नांची उत्तरे एका पानात मिळाली, तर पत्र यशस्वी झाले असे समजावे. त्यात विनवणीला स्थान नाही, आणि बढाईलाही नाही.

कापसाच्या बाजारात ही गोष्ट रोज घडते. व्यापारी गाडीतील सगळा कापूस उपसून पाहत नाही. तो मूठभर नमुना घेतो, बोटांनी ओढून धाग्याची लांबी पाहतो, कचरा किती आहे ते पाहतो आणि भाव बोलतो. शेतकऱ्याने वर्षभर केलेल्या कष्टांचे वर्णन करून भाव वाढत नाही, नमुना बोलतो. पत्र हा असा नमुना होय. एकोणिसाव्या शतकात चांगल्या कापसात हलका कापूस मिसळण्याचे प्रकार वाढले, तेव्हा मुंबई सरकारला १८६३ मध्ये भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. नमुना एक आणि गाठीतला माल दुसरा, असे आढळले की केवळ एका गाठीचे नव्हे, तर साऱ्या गावाच्या मालाचे नाव जाते. पत्राच्या बाबतीतही हे तितकेच खरे आहे.

एक जुने पत्र

परदेशी शिकू इच्छिणाऱ्या महाराष्ट्रीय व्यक्तीने लिहिलेल्या पत्राचे एक थोर उदाहरण आपल्यासमोर आहे. आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांचे वय तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. त्याच महिन्यात त्यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. ते नोकरीचे पत्र नव्हते. तथापि अपरिचित देशातील अपरिचित माणसांना आपली योग्यता कशी पटवून द्यावी, याचा तो वस्तुपाठ आहे.

त्या पत्रात आनंदीबाईंनी प्रथम आपली उणीव मान्य केली. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करीत नसू, हे त्यांनी लपविले नाही. आपला हेतूही सांगितला: पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातील स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य मिळवून देणे. आणि पुरावा दिला: आप्तांचा व जातीचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने आपण येथवर आलो, तोच निश्चय हे शिक्षण पुरे करण्यास उपयोगी पडेल. उणीव, हेतू आणि पुरावा, असे हे तीन सरळ घटक आहेत. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश व शिष्यवृत्ती दिली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली आणि कोल्हापूर संस्थानने तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागासाठी त्यांची नेमणूक केली. दुर्दैवाने त्या पदाचे काम करण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्यांचे निधन झाले.

या पत्रात ‘मी हुशार आहे’ असे विधान नाही. हुशारी वाचणाऱ्याला आपोआप दिसते. निश्चयी असल्याचा दावा करून त्या थांबल्या नाहीत; ज्या कृतीतून निश्चय सिद्ध होतो ती कृती त्यांनी समोर ठेवली. आजच्या विद्यार्थ्याने घ्यावयाचा पहिला धडा हाच होय.

सदोष पत्र

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. अशी कल्पना करू की, हिंगणघाटच्या एका विद्यार्थिनीने इचलकरंजी येथे वस्त्र अभियांत्रिकीची पदवी घेतली असून ती इंग्लंडमधील लीड्स येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तिचे वडील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात फिटर आहेत. मँचेस्टरजवळील एका वस्त्रचाचणी प्रयोगशाळेत कनिष्ठ तंत्रज्ञाची जागा असल्याची जाहिरात तिने पाहिली. तिने लिहिलेल्या पहिल्या पत्राचा मराठी आशय असा:

‘आदरणीय महोदय, मी भारतातून आलेली एक होतकरू व कष्टाळू विद्यार्थिनी असून आपल्या जगद्विख्यात संस्थेत मला नोकरी मिळावी, अशी नम्र विनंती आहे. माझे शैक्षणिक जीवन पहिल्यापासून उज्ज्वल आहे. मी कोणतेही काम निष्ठेने करीन. मला संघभावना, नेतृत्व व संभाषणकौशल्य यांची देणगी आहे. माझ्यावर शैक्षणिक कर्जाचा भार असून कुटुंबाची जबाबदारी आहे. तरी मला एक संधी द्यावी. आपली आज्ञाधारक.’

या पत्रात असत्य असे काहीच नाही. आणि तरीही ते निरुपयोगी आहे. कोणत्या पदासाठी अर्ज आहे, हे त्यात नाही. संस्थेचे नाव बदलले तर हेच पत्र औषधांच्या दुकानालाही पाठविता येईल. ‘कोणतेही काम करीन’ या वाक्याने तिला वाटते तशी तयारी व्यक्त होत नाही. आपल्याला कोणते काम येते हे तिला ठाऊक नाही, असा उलट अर्थ तेथे घेतला जातो. कष्टाळूपणा, नेतृत्व वगैरे गुणांची केवळ नावे आहेत, पुरावा नाही. कर्जाचा उल्लेख खरा आणि हृदयद्रावक आहे. पण प्रयोगशाळेच्या प्रमुखाला तो निवडीचा आधार म्हणून वापरता येत नाही. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर त्याला हमखास हवे असते, म्हणजे कामाची परवानगी, त्याबद्दल पत्र मौन पाळते.

सुधारलेले पत्र

त्याच विद्यार्थिनीने जाहिरात पुन्हा वाचली, तीत सांगितलेल्या कामांखाली रेघा ओढल्या, प्रत्येक कामासमोर आपण ते केव्हा केले हे वहीत लिहिले, आणि मग पत्र लिहिले. त्याचा आशय पुढीलप्रमाणे:

‘कनिष्ठ चाचणी तंत्रज्ञ या पदासाठी मी अर्ज करीत आहे. सूत व कापड यांच्या ताणबलाच्या चाचण्या करणे आणि त्यांचे अहवाल लिहिणे हे या पदाचे मुख्य काम असल्याचे आपल्या जाहिरातीवरून दिसते. हे काम मी दोन ठिकाणी केले आहे.

‘पदवीच्या शेवटच्या वर्षी एका सूतगिरणीत सहा आठवड्यांचे प्रशिक्षण घेत असताना सुताच्या नमुन्यांची रोजची चाचणी माझ्याकडे होती. एकाच सुताचे निष्कर्ष सकाळी व दुपारी वेगळे येत. चाचणीची नोंद एका वहीत आणि खोलीतील आर्द्रतेची नोंद दुसऱ्या वहीत होत असल्यामुळे त्याचे कारण लक्षात येत नव्हते. दोन्ही नोंदी एकाच तक्त्यात आणण्याचे मी सुचविले व पहिला तक्ता स्वतः तयार केला. प्रशिक्षण संपल्यानंतरही गिरणीने तो वापरात ठेवला. लीड्स येथे माझ्या प्रबंधासाठी मी पुनर्वापर केलेल्या कापसाच्या मिश्र सुताची चाचणी प्रमाणित हवामानात, म्हणजे २० अंश तापमान व ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता ठेवून, करीत आहे.

‘आपल्या प्रयोगशाळेत पुनर्वापर केलेल्या तंतूंची तपासणी होते, हे माझ्या अर्जाचे मुख्य कारण आहे. मी कापूस पिकविणाऱ्या तालुक्यातून आले असून शेतातून आलेला कापूस ते तयार सूत हा प्रवास जवळून पाहिला आहे. आपल्याकडील रासायनिक विश्लेषणाच्या उपकरणांवर मी अद्याप काम केलेले नाही. ते शिकण्याची माझी तयारी आहे.

‘माझा अभ्यासक्रम सप्टेंबरमध्ये पूर्ण होतो. त्यानंतर मी पदवीधर परवान्यासाठी अर्ज करणार आहे. त्या परवान्याच्या मुदतीत माझ्यासाठी नियोक्त्याला प्रायोजक व्हावे लागत नाही. मी ऑक्टोबरपासून कामावर रुजू होऊ शकेन. भेटीसाठी बोलावल्यास चाचणीच्या नोंदींचे नमुने सोबत आणीन.’

दोन्ही पत्रे एकाच मुलीची आहेत. तिची पदवी बदललेली नाही, अनुभव वाढलेला नाही, इंग्रजीही तेच आहे. फरक पडला तो एवढाच की, पहिल्या पत्रात ती स्वतःच्या गरजेविषयी बोलत होती. दुसऱ्यात प्रयोगशाळेच्या कामाविषयी बोलत आहे. आर्द्रतेप्रमाणे कापसाच्या धाग्याचे बळ बदलते, ही गोष्ट त्या क्षेत्रातील प्रत्येक तज्ज्ञाला ठाऊक असते. म्हणून दोन वह्यांची ती लहानशी हकीकत वाचताच, हिने केवळ यंत्राचे बटण दाबलेले नाही, आकड्यांचा विचार केला आहे, हे त्याला कळते. ‘निरीक्षणशक्ती’ हा शब्द पत्रात कोठेही नाही, आणि त्याची गरजही उरली नाही.

आनंदीबाईंच्या पत्रातील तिन्ही घटक येथे पुन्हा दिसतात. उपकरणांविषयीची उणीव एका वाक्यात सांगितली आहे. हेतू प्रयोगशाळेच्या कामाशी जोडलेला आहे. आणि पुरावा प्रत्यक्ष कृतीचा आहे.

परदेशी विद्यार्थ्याने विशेषतः ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट परवानगीची. पुष्कळ विद्यार्थी परवानगीचा विषय टाळतात. तो काढला तर अर्ज फेटाळला जाईल अशी त्यांना भीती वाटते. वस्तुतः वाचणाऱ्याला नाव व शिक्षण पाहताच हा प्रश्न सुचतो. उत्तर न मिळाल्यास तो सर्वांत अडचणीचे उत्तर गृहीत धरतो. म्हणून आपल्याला कोणती परवानगी आहे अथवा मिळणार आहे, ती किती काळाची आहे आणि नियोक्त्याला काय करावे लागेल, हे पत्राच्या शेवटी दोन-तीन वाक्यांत स्पष्ट लिहावे. पत्राची सुरुवात मात्र त्याने करू नये. पुढे प्रायोजकत्व लागणार असेल, आणि त्याबद्दल अर्जात विचारले असेल, तर खरे तेच सांगावे.

दुसरी गोष्ट अपरिचित नावांची. हिंगणघाट कोठे आहे, आपले महाविद्यालय कोणत्या दर्जाचे आहे, हे तेथील माणसाला ठाऊक नसते. ‘मध्य भारतातील कापूस बाजारपेठेचे शहर’ एवढे चार शब्द जोडले की त्या नावाला अर्थ येतो. गुणांच्या बाबतीत टक्केवारीचे स्वतःच रूपांतर करू नये. आपल्याकडील ६८ टक्के आणि तेथील ६८ टक्के यांचा अर्थ एकच नसतो. मूळ गुण लिहून त्यांसोबत श्रेणी वा वर्गातील क्रमांक द्यावा.

तिसरी गोष्ट व्यक्तिगत माहितीची. वडिलांचे नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, जन्मतारीख ही माहिती आपल्याकडील अर्जांत सर्रास असते. इंग्लंड व अमेरिका येथील अर्जपत्रांत ती देत नाहीत. छायाचित्रही जोडत नाहीत. जर्मनीत जीवनवृत्तासोबत छायाचित्र जोडण्याची प्रथा अद्याप आढळते, परंतु ते सक्तीचे नाही. तेथे पत्राच्या वर विषयाची ओळ, खाली सही आणि सोबत प्रमाणपत्रांच्या प्रती असा नीटनेटका संच अपेक्षित असतो. जाहिरात जर्मन भाषेत असेल, तर पत्रही त्याच भाषेत असणे इष्ट.

चौथी गोष्ट भाषेची. आपले इंग्रजी कमी पडेल या भीतीने विद्यार्थी शब्दकोशातील अवघड शब्द वापरतात. साधे वाक्य, योग्य क्रियापद आणि नेमकी संख्या यांनी पत्राला जे वजन येते ते अवघड शब्दांनी येत नाही. अडचण वाटल्यास पहिला मसुदा मराठीत लिहावा. आपल्याला नेमके काय सांगावयाचे आहे, हे मातृभाषेत चटकन उलगडते. मात्र नंतर त्याचे शब्दशः भाषांतर न करता तोच मुद्दा इंग्रजीत नव्याने मांडावा. ‘आज्ञाधारक’ यासारखे शब्द भाषांतरात विचित्र दिसतात. त्यांऐवजी त्या भाषेतील रूढ समाप्ती वापरावी.

पाचवी गोष्ट यंत्राच्या मदतीची. आता संगणकाला सांगितले की तो क्षणार्धात पत्र तयार करून देतो. व्याकरण तपासण्यासाठी अशी मदत घेण्यास हरकत नाही. परंतु दोन वह्यांची हकीकत त्या यंत्राला ठाऊक नसते. ती त्या मुलीलाच ठाऊक असते. यंत्राने लिहिलेले गुळगुळीत पत्र हजारो अर्जदार पाठवितात, आणि त्यामुळे ते पुन्हा पहिल्या सदोष पत्रासारखे, कोणाचेही असू शकणारे, बनते. शिवाय यंत्राने घातलेली एखादी न केलेली कामगिरी मुलाखतीत उघडी पडली, तर ती नोकरी तर जातेच, पण त्या विद्यापीठातून येणाऱ्या पुढच्या विद्यार्थ्याच्या वाटेतही काटे पेरले जातात.

पत्र लिहिण्याची रीत

पत्र एका पानाचे असावे; तीनशे ते चारशे शब्द पुरेत. शक्य असेल तेथे संबंधित अधिकाऱ्याचे नाव शोधून त्यांच्या नावे लिहावे. नाव न मिळाल्यास पदनामाने संबोधावे. पहिल्या परिच्छेदात पद व त्या पदाच्या कामाशी आपला संबंध, दुसऱ्यात एक किंवा दोन पुरावे, तिसऱ्यात ही संस्थाच का, आणि चौथ्यात परवानगी व रुजू होण्याची तारीख, असा क्रम ठेवल्यास सहसा चूक होत नाही. जीवनवृत्तातील सर्व गोष्टी पत्रात पुन्हा लिहू नयेत.

मसुदा तयार झाल्यावर तो एक रात्र तसाच ठेवावा व दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचावा. जेथे जीभ अडखळते, तेथे वाक्य बहुधा सदोष असते. त्यानंतर तो विद्यापीठाच्या रोजगार मार्गदर्शन विभागात दाखवावा. ही सेवा बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळते; आणि तरीही संकोचामुळे आपले विद्यार्थी तिचा लाभ कमी घेतात. संस्थेचे नाव व पदनाम दोनदा तपासावे, कारण एका कंपनीला दुसऱ्या कंपनीच्या नावाचे पत्र जाणे ही घाईतील नेहमीची चूक आहे.

प्रत्येक अर्जाची नोंद एका वहीत ठेवावी: तारीख, संस्था, पद, कोणते पत्र पाठविले आणि उत्तर काय आले. दोन आठवड्यांत उत्तर न आल्यास एक लहानसे, सौजन्यपूर्ण स्मरणपत्र पाठविण्यास हरकत नाही. पुष्कळदा उत्तर येतच नाही. त्यामुळे खचून जाण्याचे कारण नाही. परंतु वीस अर्जांना एकही बोलावणे आले नाही, तर एकविसावा अर्ज पाठविण्यापूर्वी वही उघडून पत्राचा पुनर्विचार करावा.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. नोकरी मिळवून देतो असे सांगून पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे. इंग्लंडमध्ये १९७३ च्या कायद्यानुसार नोकरी शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेण्यास रोजगार संस्थांना सर्वसाधारणतः मनाई आहे. भारतातून थेट परदेशी नोकरीस जाणाऱ्यांनी मध्यस्थ हा केंद्रीय परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाकडे नोंदलेला आहे काय, हे आधी पाहावे. ज्या नोकरीला पत्र लागत नाही, मुलाखत लागत नाही आणि फक्त पैसे लागतात, ती नोकरी बहुधा अस्तित्वातच नसते.

घरच्यांसाठी

या विषयाची एक बाजू गावाकडील घरांशी निगडित आहे. परदेशी गेलेल्या मुलाला चार-सहा महिने नोकरी मिळाली नाही की घरी चिंता सुरू होते, शेजारी विचारू लागतात, आणि फोनवरचा प्रश्न अधिक तीव्र होतो. त्या दडपणाखाली मुले मिळेल ते काम धरतात. परवानगीपेक्षा अधिक तास काम करून आपला परवानाच धोक्यात घालतात. ‘नोकरी लागली का?’ याऐवजी ‘या आठवड्यात कोणाला पत्र लिहिलेस, काय लिहिलेस?’ असे विचारले, तर मुलाला आधार वाटेल. आईवडिलांना इंग्रजी येत नसले, तरी आपल्या मुलीने कोणते काम चांगले केले आहे, हे त्यांना पुष्कळदा तिच्यापेक्षा अधिक स्पष्टपणे आठवत असते. पत्रातील पुरावा कधी कधी अशा बोलण्यातूनच सापडतो.

वर्ध्याचेच उदाहरण

वर्धा येथे जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत गेले व तेथे त्यांनी कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले. स्वातंत्र्याच्या लढ्यातील सहभागामुळे मायदेशी परतणे त्यांना शक्य नव्हते. १९२० च्या दशकात ते मेक्सिकोत पोहोचले, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि तेथील शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले व नागपूरला राहिले. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

परक्या देशात, परक्या भाषेत या वर्धेकराला जे स्थान मिळाले, ते त्या देशाच्या शेतकऱ्याला उपयोगी पडणारी विद्या त्याच्याजवळ होती म्हणून. जिल्ह्यातून आज परदेशी जाणाऱ्या मुलामुलींजवळही अशी विद्या असते. हिंगणघाटच्या मुलीला कापूस माहीत असतो, आर्वीच्या मुलाला संत्री माहीत असतात, आणि पदवीने त्या माहितीला शास्त्राची जोड दिलेली असते. ती विद्या कोणाच्या, कोणत्या कामाला येईल, एवढेच त्यांनी एका पानात, स्वच्छ व खऱ्या शब्दांत, सांगावयाचे आहे.